दूरच्या चुंबकपुच्छातले वेगवान कण : जिओटेलची नोंद पहिल्यांदा उघडताना

पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला, सूर्याकडे पाठ करून, आपल्या चुंबकीय क्षेत्राची एक लांबलचक शेपटी पसरलेली आहे. सौरवारा, म्हणजे सूर्याकडून वाहत येणारे विद्युत्-भारित कण, ती सतत ओढून धरतो. दिवसाच्या बाजूला हे क्षेत्र साधारण १० पृथ्वी-त्रिज्यांवर संपतं, पण रात्रीच्या बाजूला ते २०० त्रिज्यांवरही नीट ओळखू येतं. १९६६ साली पायोनियर-७ यानाला तर सुमारे १००० त्रिज्यांवर त्याच्या खुणा दिसल्या होत्या. या शेपटीत अधूनमधून असे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन येऊन धडकतात की त्यांची ऊर्जा तिथल्या नेहमीच्या प्लाझ्माच्या, म्हणजे भारित कणांच्या वायूच्या, कितीतरी पट असते. ते कुठून येतात आणि त्यांना एवढा वेग कोण देतं, हे शोधण्यासाठी लागणारी मोजमापं आज कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. बी.एस्सी.च्या पातळीचं भौतिकशास्त्र, थोडं पायथॉन आणि भरपूर चिकाटी असली की काम सुरू होतं.

हा लेख जिओटेल या यानाची अशी नोंद पहिल्यांदा उघडण्याच्या बैठकीसाठी आहे. सगळ्या लेखाचा गाभा एवढाच आहे : आधी कुठे, मग किती. कणांची संख्या वाढली की घटली हे बघण्याआधी यान त्या क्षणी शेपटीच्या कोणत्या भागात होतं, ते ठरवायचं. मी पहिल्यांदा अशी नोंद उघडली तेव्हा प्रोटॉनांचा आलेख एका मिनिटात हजारपटीने चढलेला दिसला आणि मी वहीत ‘स्फोट’ असं लिहून मोकळा झालो. नंतर चुंबकीय क्षेत्राचा आलेख शेजारी ठेवला, तेव्हा कळलं की स्फोट झालाच नव्हता. शेपटी हलली होती, आणि यान रिकाम्या भागातून भरलेल्या भागात शिरलं होतं. कण तिथे आधीपासून होतेच.

पहिल्यांदा अंतरं मनात बसवा

एक पृथ्वी-त्रिज्या म्हणजे ६३७१ किलोमीटर. चंद्र सुमारे ६० त्रिज्यांवर आहे. त्याच्या अलीकडची शेपटी जवळची आणि १०० त्रिज्यांपलीकडची दूरची, असं ढोबळमानाने म्हणतात. २०० त्रिज्या म्हणजे जवळपास १२ लाख ७५ हजार किलोमीटर. तिथे शेपटीचा व्यास ५०-६० त्रिज्या असतो.

जागा सांगायला दोन निर्देशांक-पद्धती वापरतात, जीएसई आणि जीएसएम. दोन्हींत एक्स अक्ष पृथ्वीकडून सूर्याकडे जातो, म्हणून शेपटीत एक्स नेहमी ऋण असतो. वाय साधारणपणे संध्याकाळच्या बाजूला, झेड उत्तरेकडे. जीएसएममध्ये पृथ्वीच्या चुंबकीय अक्षाचा कल विचारात घेतलेला असतो, त्यामुळे चुंबकीय क्षेत्राचे घटक वाचायला तीच पद्धत सोयीची पडते.

नवशिके इथे एक गोष्ट हमखास विसरतात. पृथ्वी स्वतः सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने धावते आहे. सौरवारा ४०० च्या वेगाने येतो. पावसात सायकल चालवताना सरळ पडणारा पाऊसही समोरून येतो तसं इथे होतं, आणि शेपटी साधारण ४ अंशांनी संध्याकाळच्या बाजूला कलते. ४ अंश म्हणजे किरकोळ वाटतात, पण २०० त्रिज्यांवर तो सरकाव १५ त्रिज्यांचा होतो. वर सौरवाऱ्याची दिशाच आणखी ५ अंशांनी बदलली तर अजून १७ त्रिज्या. शेपटीची त्रिज्याच २५ ते ३० असताना, कागदावर शेपटीच्या ऐन मध्यात असलेलं यान प्रत्यक्षात तिच्या बाहेर पडलेलं असू शकतं. यान जवळजवळ जागच्या जागी असतं आणि शेपटीच त्याच्यावरून इकडून तिकडे फिरते, हे चित्र मनात पक्कं करा. देवळाच्या शिखरावरची पताका आठवा. काठीजवळ ती थोडीशीच हलते, टोकाला जोरात फडफडते.

कोणत्या यानाची नोंद घ्यायची

दूरच्या शेपटीत जाऊन राहिलेली यानं मोजकीच आहेत. आयएसईई-३ हे यान १९७८ साली सौरवारा मोजायला गेलं होतं. १९८२ मध्ये नासाचे मार्ग-आखणीतज्ज्ञ रॉबर्ट फारकर यांनी आखलेल्या मार्गाने ते तिथून हलवलं, आणि १९८३ अखेरपर्यंत त्याने दूरच्या शेपटीत फेऱ्या मारल्या, जवळपास २४० त्रिज्यांपर्यंत. दूरच्या शेपटीबद्दल आपण आज जे बोलतो त्याचा पाया याच फेऱ्यांनी घातला. पुढे चंद्राला वळसा घालून हेच यान धूमकेतूच्या भेटीला गेलं.

सुरुवातीला मात्र मी जिओटेलच सुचवेन. जपानच्या इसास संस्थेचं आणि नासाचं हे संयुक्त यान २४ जुलै १९९२ रोजी निघालं. पहिली सव्वादोन वर्षं, म्हणजे नोव्हेंबर १९९४ पर्यंत, ते चंद्राच्या गुरुत्वाकर्षणाचा आधार घेत शेपटीत २१० त्रिज्यांपर्यंत जाऊन येत राहिलं. नंतर त्याची कक्षा आत आणली गेली आणि ते २०२२ पर्यंत मोजत राहिलं. आपल्याला हवी आहेत ती पहिली वर्षं. या यानावरची चार उपकरणं आपल्या कामाची आहेत. एमजीएफ चुंबकीय क्षेत्र मोजतं. लेप आणि सीपीआय हे प्लाझ्माची घनता, तापमान, वेग देतात. ईपिक हे ऊर्जावान कणांचं उपकरण जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेचं. त्याचा टप्पा साधारण ३० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टपासून पुढे. या लेखात यापुढे त्या एककाला केईव्ही म्हणतो.

दिवस निवडताना एक जुनी हकिकत माहीत असलेली बरी. लेप उड्डाणानंतर थोड्याच काळात अडकून बसलं होतं. सप्टेंबर १९९३ मध्ये यान चंद्राच्या सावलीतून जात असताना वीजपुरवठा तोडून पुन्हा जोडला गेला, तेव्हा ते जागं झालं. म्हणून त्याआधीच्या दिवसांसाठी प्लाझ्माची माहिती सीपीआयमधून घ्या. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून बघायचे असतील तर सप्टेंबर १९९३ ते नोव्हेंबर १९९४ हा काळ उत्तम.

नोंदी नासाच्या सीडीएवेब या संकेतस्थळावर आणि जपानच्या डार्ट्स संग्रहात मिळतात. यान कुठे होतं ते एसएससीवेब सांगतं. पायथॉनमध्ये पायस्पेडास हे पॅकेज उतरवण्यापासून आलेख काढण्यापर्यंतचं बरंच काम करतं. ‘की पॅरामीटर’ नावाच्या नोंदी फक्त चाळण्यासाठी असतात. त्यावरून दिवस निवडा, पण निष्कर्ष काढायला पूर्ण प्रतीची नोंदच घ्या.

चार आलेख एकाखाली एक

एकच वेळ-अक्ष ठेवून चार पट्ट्या काढा. सर्वांत वर चुंबकीय क्षेत्राचे तीन घटक आणि एकूण मूल्य. त्याखाली प्लाझ्माची घनता आणि एक्स दिशेचा वेग. मग ऊर्जावान प्रोटॉन, दोन-तीन ऊर्जापट्ट्यांत. तळाशी इलेक्ट्रॉन. कणांच्या पट्ट्यांना लॉग मापन वापरा, नाहीतर एक उंच शिखर दिसेल आणि बाकी सगळं तळाशी चिकटेल. पहिल्यांदा पूर्ण दिवस काढा, मगच एखादा तास मोठा करून बघा. उलटं केलंत तर फसाल, कारण एका तासात शेपटीचे किती भाग येऊन गेले ते कळतच नाही.

सौरवाऱ्याची माहिती ओम्नी या संकलनात मिळते, पण १९९३-९४ साठी तिच्यात मोठमोठ्या फटी आहेत. सौरवारा मोजणारं विंड यान नोव्हेंबर १९९४ ला उडालं. त्याआधी भिस्त पृथ्वीभोवती फिरणाऱ्या आयएमपी-८ यानावर होती, आणि त्याच्या साधारण साडेबारा दिवसांच्या कक्षेचा बराच भाग शेपटीत आणि तिच्या आसपास जायचा. तेवढा वेळ सौरवाऱ्यावर नजर ठेवायला कुणी नसायचं. फट दिसली तर ती सोडून द्या, रेघ ओढून भरू नका. आणखी एक : ओम्नीतल्या वेळा पृथ्वीसमोरच्या धक्कासीमेच्या (जिथे सौरवारा आदळून एकदम मंदावतो तिच्या) टोकाशी आणून ठेवलेल्या असतात. तोच वारा ४०० किलोमीटर वेगाने २०० त्रिज्यांपर्यंत पोचायला आणखी जवळजवळ ५३ मिनिटं लागतात. ही भर घातल्याशिवाय कारण आणि परिणाम जुळणार नाहीत.

यान कुठे आहे?

ही पायरी सर्वांत जास्त वेळ खाते, आणि खाऊ द्यावी.

शेपटीचे दोन मोठे भाग म्हणजे उत्तर आणि दक्षिण लोब. तिथे चुंबकीय क्षेत्र शांत, जवळजवळ सरळ एक्स अक्षावर, दूरच्या शेपटीत साधारण ९-१० नॅनोटेस्ला. घनता फार कमी, घनसेंटिमीटरला ०.१ च्या खाली. उत्तर लोबमध्ये क्षेत्र पृथ्वीकडे, म्हणजे बीएक्स (क्षेत्राचा एक्स घटक) धन. दक्षिणेत ऋण. ऊर्जावान कणांची पट्टी इथे तळाला असते.

दोन लोबच्या मधे प्लाझ्मा शीट. इथे क्षेत्र कमी आणि अस्वस्थ, प्लाझ्मा गरम. बीएक्सचं चिन्ह बदललं की यान मधली विद्युत्-चादर (विद्युत् प्रवाह वाहणारा पातळ थर) ओलांडून गेलं. एका तासात असं दहादा झालं, तर यान दहादा वरखाली गेलं असं नाही, चादरच फडफडते आहे. ऊर्जावान कण बहुतेक याच पट्ट्यात आणि त्याच्या काठावर राहतात. हा काठ, म्हणजे प्लाझ्मा शीट आणि लोब यांमधली सीमा, आपल्या विषयाचा सर्वांत समृद्ध भाग. शेपटीतून क्षेत्ररेषांना धरून धावणारे झोत पहिल्यांदा इथे दिसतात.

तिसरा भाग म्हणजे शेपटीबाहेरचा मॅग्नेटोशीथ, धक्क्यानंतर मंदावलेला सौरवारा. घनता घनसेंटिमीटरला काही कण, वेग सतत शेपटीच्या टोकाकडे, क्षेत्राची दिशा कशीही. घनता एकदम दहा-वीसपट वाढली आणि क्षेत्र विस्कटलं, तर यान शेपटीबाहेर आहे. तिथेही ऊर्जावान कण सापडतात, पण त्यांची गोष्ट वेगळी.

जिथे लोब आणि मॅग्नेटोशीथ या दोन्हींचे गुण मिसळतात तिथे अडचण येते. लोबच्या काठाला मॅन्टल नावाचा थर असतो. तिथे क्षेत्र लोबसारखं शांत, पण घनता जास्त आणि प्लाझ्मा थंड, टोकाकडे वाहणारा. नवशिक्याला हा प्लाझ्मा शीट वाटतो. तापमान बघा. थंड असेल तर मॅन्टल. याचं गणिती रूप हवं असेल तर प्लाझ्माचा दाब भागिले चुंबकीय दाब, म्हणजे बीटा, काढा. बीटा ०.१ पेक्षा बराच कमी असेल तर लोब, १ च्या आसपास किंवा वर असेल तर प्लाझ्मा शीट. फक्त आकड्यावर विसंबू नका, मॅग्नेटोशीथचा बीटाही मोठाच येतो. घनता, तापमान, क्षेत्राची दिशा या तिन्हींची साक्ष जुळली की मगच वेळेच्या त्या तुकड्यावर नाव लिहा. ज्या तुकड्याबद्दल खात्री नाही तिथे प्रश्नचिन्ह ठेवा. प्रश्नचिन्हांनी भरलेली वही खोट्या नावांनी भरलेल्या वहीपेक्षा पुढे फार उपयोगी पडते.

आता कणांकडे

ईपिकचे आकडे प्रवाहाचे असतात : दर चौरस सेंटिमीटर, दर सेकंद, दर घनकोन-एकक, दर केईव्ही किती कण. यान स्वतःभोवती ३ सेकंदांत एक गिरकी घेतं, त्यामुळे एकच दुर्बीण सगळ्या बाजूंना बघून घेते आणि नोंद दिशांच्या तुकड्यांत विभागलेली असते. इथे दोन सापळे आहेत.

पहिला सोपा, तरी भलेभले त्यात सापडतात. दुर्बीण जिकडे बघते त्याच्या उलट दिशेने कण चाललेला असतो. पृथ्वीकडे तोंड केलेल्या दुर्बिणीत सापडलेला प्रोटॉन पृथ्वीपासून दूर निघालेला आहे. फाइलमध्ये दिशा दुर्बिणीची दिली आहे की कणाची, हे तिच्या वर्णनात वाचल्याशिवाय बाण काढू नका.

दुसरा खोल आहे. समजा प्लाझ्मा सेकंदाला ५०० किलोमीटर वेगाने टोकाकडे वाहतो आहे आणि त्यातले १०० केईव्ही प्रोटॉन सर्व दिशांना सारखेच विखुरलेले आहेत. १०० केईव्ही प्रोटॉनचा वेग सेकंदाला सुमारे ४३८० किलोमीटर. वाहत्या पाण्यातल्या भोवऱ्यासारखे हे कण प्रवाहासोबत वाहून नेले जातात, आणि स्थिर यानाला टोकाकडे जाणारे कण जास्त दिसतात. ऊर्जा वाढेल तसा प्रवाह तिच्या चौथ्या घाताने घटत असेल, तर गणित करून बघा : (४८८० भागिले ३८८०) चा दहावा घात. टोकाकडे जाणारे कण जवळजवळ दहापट दिसतील. एकही वेगळा झोत नसताना! म्हणून असमानता दिसली की आधी प्लाझ्माचा वेग वजा करा. त्यानंतरही काही उरलं, तर तो खरा झोत.

इलेक्ट्रॉनांना हा त्रास जवळजवळ नाही. ४० केईव्ही इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला सुमारे १ लाख १२ हजार किलोमीटर. त्यापुढे ५०० काहीच नाहीत. तो १० नॅनोटेस्ला क्षेत्रात फक्त ७० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ घेत क्षेत्ररेषेला चिकटून जातो. त्याच क्षेत्रात १०० केईव्ही प्रोटॉनचं वर्तुळ साडेचार हजार किलोमीटर त्रिज्येचं, आणि चादरीच्या मध्याशी जिथे क्षेत्र २ नॅनोटेस्लावर येतं तिथे तब्बल साडेतीन पृथ्वी-त्रिज्या. याचा अर्थ, इलेक्ट्रॉन सांगतात ते नेमक्या त्याच क्षेत्ररेषेबद्दल. प्रोटॉन आपल्या शेजारच्या पट्ट्याचीही बातमी आधीच आणतात. प्लाझ्मा शीट यानापर्यंत पोचायच्या आधी प्रोटॉनांची पट्टी उठू लागते, ती यामुळेच. मला ही गोष्ट फार आवडते. आलेखावरून समजतं की सीमा कोणत्या बाजूने जवळ येते आहे, अजून ती इथे आलेली नसतानाही.

वेगवान कण आधी पोचतात

सीमेवरच्या झोतात कधीकधी आधी इलेक्ट्रॉन, मग जास्त ऊर्जेचे प्रोटॉन, मग कमी ऊर्जेचे, असा क्रम दिसतो. सगळे एकदम एकाच ठिकाणाहून निघाले असतील तर हेच व्हायला हवं. १०० त्रिज्यांच्या अंतराला ४० केईव्ही इलेक्ट्रॉनला ६ सेकंद लागतात, १०० केईव्ही प्रोटॉनला १४५ सेकंद, ३५ केईव्ही प्रोटॉनला २४६. प्रत्येक ऊर्जापट्टीची सुरुवातीची वेळ घ्या, तिच्यासमोर ‘एक भागिले वेग’ मांडा. बिंदू सरळ रेषेत आले तर रेषेचा चढ म्हणजे कणांनी कापलेलं अंतर आणि तिचा छेद म्हणजे निघण्याची वेळ. शाळेतल्या आलेखाने लाखो किलोमीटरवरची घटना गाठता येते, याचं समाधान पहिल्या खेपेला जरूर अनुभवा.

पण इथेही पहिला नियम लागू. असाच क्रम सीमा सरकल्यामुळेही उमटतो, कारण मोठ्या वर्तुळाचे कण आधी यानाला स्पर्श करतात. दोन्ही वेगळे काढायचे असतील तर परतीचा प्रवास बघा. कण जाताना क्रम उलटा झाला, म्हणजे जास्त ऊर्जेचे सर्वांत शेवटी गेले, तर सीमाच आली आणि गेली. वेळेच्या फरकामुळे झालेल्या क्रमात जास्त ऊर्जेचे आधी संपायला हवेत.

प्लाझ्मॉइड ओळखणं

चुंबकीय उपवादळात, म्हणजे शेपटीत साठलेली ऊर्जा एकदम मोकळी होते तेव्हा, शेपटीतल्या क्षेत्ररेषा पृथ्वीपासून २०-३० त्रिज्यांवर तुटून नव्याने जोडल्या जातात. अशा जोडणीचं दुसरं, कायमचं म्हणावं असं ठिकाण सरासरीने १०० त्रिज्यांच्या आसपास असतं. या दोन्हींमधला प्लाझ्माचा गोळा सुटतो आणि टोकाकडे भिरकावला जातो. त्याला प्लाझ्मॉइड म्हणतात. त्याची मूळ कल्पना भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड होन्स यांनी मांडली आणि आयएसईई-३ ने दूरच्या शेपटीत ती पडताळली.

खूण अशी : बीझेड आधी उत्तरेला झुकतो, मग दक्षिणेला, आणि त्याच वेळी प्लाझ्मा काही शे किलोमीटर वेगाने टोकाकडे. त्याच्या थोडं आधी सीमेवर ऊर्जावान कणांचा झोत येऊन गेलेला असतो, स्वारी येण्याआधी चोपदार यावेत तसा. मग गोळ्याच्या आत कण भरलेले आणि दिशांना बऱ्यापैकी सारखे. २५ त्रिज्यांवर सुटलेला गोळा सेकंदाला ७०० किलोमीटर वेगाने २०० त्रिज्यांवर यायला २६ मिनिटं लागतात. म्हणून दूरच्या शेपटीत काही दिसलं की साधारण अर्धा तास मागे जाऊन जमिनीवरच्या नोंदी तपासा. क्योटोच्या जागतिक माहिती केंद्राचा एई निर्देशांक (ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातली चुंबकीय खळबळ सांगणारा) त्यासाठी वापरतात. उपवादळ सुटताना कमी अक्षांशांवर पीआय-२ नावाची लहानशी चुंबकीय थरथर उमटते, ४० ते १५० सेकंद आवर्तनाची. आपल्या अलिबागच्या वेधशाळेसारखं ठिकाण त्या वेळी रात्रीच्या बाजूला असेल तर ही थरथर तिथेही सापडू शकते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचं चुंबकीय काम १९०४ साली अलिबागला नेलं गेलं, आणि आज ती वेधशाळा नवी मुंबईतल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

यान लोबमध्ये असेल तर गोळा खालून जाताना दिसत नाही. पण त्याच्या दाबाने लोबचं क्षेत्र थोडा वेळ फुगतं आणि बीझेड तसाच उत्तर-दक्षिण हलतो. कणांची पट्टी त्या वेळी कोरी राहू शकते. कण नाहीत म्हणून काही घडलं नाही, असं मात्र लिहू नका.

हे कण मुळात कुठले?

ईपिकच्या स्टिक्स या भागाला कणाचं वस्तुमान आणि त्यावरचा विद्युत्-भार दोन्ही ओळखता येतात. ऑक्सिजनचं एकच इलेक्ट्रॉन गेलेलं असेल तर तो पृथ्वीच्या आयनांबरातून आलेला. सहा इलेक्ट्रॉन गेलेले असतील तर तो सूर्याच्या तप्त प्रभामंडलातून सौरवाऱ्याबरोबर आलेला. हेलियमचंही तसंच, एक गेलेला बहुधा घरचा, दोन्ही गेलेला बहुधा बाहेरचा. आपल्या वातावरणातला ऑक्सिजन लाखो किलोमीटर दूर, कितीतरी पट ऊर्जा घेऊन धावताना सापडतो! हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मी बराच वेळ पडद्यासमोर नुसता बसून होतो. क्रम बघताना एवढं लक्षात ठेवा की समान ऊर्जेचा ऑक्सिजन प्रोटॉनच्या चौथ्या हिश्श्याच्याच वेगाने जातो. उशिरा आला म्हणून तो वेगळ्या घटनेतला, असं ठरवू नका.

वेग कोण देतं, याचा विचार करायला एक सोपी मोजणी पुरते. शेपटीच्या आरपार, पहाटेच्या बाजूकडून संध्याकाळच्या बाजूकडे, काही दहा ते शंभरेक किलोव्होल्टचं विभवांतर असतं. एक भार असलेला प्रोटॉन सगळी रुंदी पार करून गेला तरी त्याला तेवढेच केईव्ही मिळतील. पण १९७० च्या दशकातच आयएमपी यानांनी शेपटीत १००० केईव्हीच्या आसपासच्या प्रोटॉनांचे झोत टिपले होते. स्थिर विभवांतर त्याला पुरत नाही. बदलत्या चुंबकीय क्षेत्राने निर्माण होणारं विद्युत् क्षेत्र लागतं, आणि ते क्षेत्ररेषा तुटण्या-जुळण्याच्या जागी मिळतं. त्यातही एकाच जागी, की वाटेत टप्प्याटप्प्याने, यावर वाचण्यासारखं भरपूर आहे. तुमच्या नोंदीतला प्रवाह ऊर्जेनुसार किती झपाट्याने घटतो, ते लिहून ठेवलंत तर पुढे तेच उपयोगी येईल.

बाहेरचे पाहुणे

सूर्यावरच्या उद्रेकातून येणारे कण सगळं चित्र झाकून टाकतात. ओळख सोपी : पट्टी लोबमध्येही वर उठते, कित्येक तास किंवा दिवस तशीच राहते, सीमा ओलांडताना फारशी बदलत नाही. असे दिवस सुरुवातीला वगळा. पुढे तेच दिवस कामाला येतात, कारण सूर्याकडचे इलेक्ट्रॉन ज्या क्षेत्ररेषेवर मोकळेपणी सापडतात तिचं एक टोक सौरवाऱ्यात उघडं आहे, हे त्यावरून कळतं.

सूर्यप्रकाश थेट दुर्बिणीत शिरला तरी खोटी मोजणी होते. ती नेहमी एकाच दिशातुकड्यात, सूर्याच्या बाजूला, सगळा दिवस एकसारखी दिसते.

सराव

पहिला दिवस निवडताना जिओटेल १०० ते २०० त्रिज्यांवर, वाय सुमारे +५ ते +१५ च्या दरम्यान असेल असा घ्या. वहीत चार रकाने पाडा : वेळ, भाग, भाग ठरवण्याचं कारण, कण. चौथा रकाना पहिले तीन भरल्याशिवाय उघडायचा नाही. एक दिवस नीट भरायला एक आठवडा लागला तरी चालेल. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही, म्हणून असे किमान पाच दिवस करा आणि मगच काही म्हणा.

त्यानंतर आजच्या यानांकडे या. २००७ साली उडालेल्या थेमिसच्या पाच यानांपैकी दोन २०११ मध्ये चंद्राभोवती नेऊन ठेवली, त्यांचं नाव आर्टेमिस. चंद्र दर महिन्याला पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आधी शेपटीत शिरतो आणि तेवढेच दिवस नंतर बाहेर पडतो. चांद्रयान-२ वरच्या क्लास या क्ष-किरण उपकरणानेही २०१९ मध्ये पहिल्यांदा या शेपटीतून जाताना तिथल्या भारित कणांचे चढउतार टिपले होते. ६० त्रिज्या म्हणजे दूरच्या शेपटीचा उंबरठा. जोडणीचं ठिकाण कधी चंद्राच्या अलीकडे असतं, कधी पलीकडे, त्यामुळे इथे प्लाझ्मा दोन्ही दिशांना वाहताना सापडतो. शिवाय एक नवी अडचण येते : चंद्र स्वतः कण अडवतो. ७० किलोमीटर वर्तुळाच्या इलेक्ट्रॉनांमध्ये त्याची सावली धारदार दिसते. पण चंद्राची त्रिज्या १७३७ किलोमीटर आणि प्रोटॉनचं वर्तुळ साडेचार हजारांचं, त्यामुळे प्रोटॉनांमध्ये ती पुसट होते. इलेक्ट्रॉनांची पट्टी अचानक कोसळली आणि प्रोटॉनांची तशीच राहिली, तर लोबमध्ये गेल्याचं लिहिण्याआधी यान आणि चंद्र यांच्यातली क्षेत्ररेषा काढून बघा.

भिंतीवरच्या कॅलेंडरात मागच्या महिन्याची पौर्णिमा शोधा. तिच्या आदल्या दिवसाची आर्टेमिसची नोंद उतरवा, आणि पहिल्या रकान्यापासून सुरुवात करा.